तृतीयेची भरती

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो, आणि पावसाळ्यात मला माझ्याच विषयाची भीती वाटते. शाळेत हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे. आषाढ लागला की मी उगाचच गॅलरीत जातो, खाली गल्लीत पाणी साचलंय का ते बघतो आणि परत येऊन बसतो. ती चहा ठेवते.

आम्ही सुरतेत, नवागाममध्ये राहतो. माझ्या शाळेतली मुलं बहुतेक खानदेशातल्या घरांची. वडील लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीवर, आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि माझ्यासमोर उभं राहिलं की पुस्तकातलं मराठी. स्थलांतराचा धडा शिकवायला मला नकाशा लागत नाही. तापीकाठच्या गावांहून कोण कोण आलं असं विचारलं की अर्धा वर्ग हात वर करतो. मी त्यांना सांगतो, नदी ज्या वाटेनं खाली येते त्याच वाटेनं आपणही खाली आलो. हे वाक्य मुलांना आवडतं. मलाही पूर्वी आवडायचं. पण पाणीही मागोमाग येतच राहतं. गावाहून फोन येतो, तिकडं झकास पाऊस झाला, नाले दुथडी भरले. गावाकडचा माणूस खुशीत असतो आणि इकडं आम्ही फोन कानाला लावूनच गॅलरीत जातो.

नदीपेक्षा आमच्या वस्तीला खाडीचा धाक जास्त. तिला खाडी म्हणतात, पण एरवी तो काळ्या पाण्याचा ओहोळच. पावसाळ्यात तीच खाडी शहराबाहेरच्या शेतांचं पाणी घेऊन येते आणि पुढं समुद्राकडं नेते. समुद्राला भरती असली की पुढचं पाणी उभं राहतं, मागचं थोपतं आणि घरांत शिरतं. इथले लोक त्याला खाडीपूर म्हणतात.

ही गोष्ट आहे त्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात मी भरती-ओहोटी शिकवत होतो. समुद्र आमच्यापासून फार लांब नाही, तरी निम्म्या मुलांनी तो पाहिलेला नव्हता. धडा रंगावा म्हणून मी त्यांना एक युक्ती सांगितली. बी.एड.ला माझ्या खोलीत एक कोकणातला मुलगा होता, त्याच्याकडून मी ती शिकलो होतो. कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहा वाजता. पुस्तकात हे नाही, म्हणून मुलांना ते गुपितासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती घरच्या कॅलेंडरवरून भरत्या काढून आली. पालकांपर्यंत गोष्ट पोचली. पानाच्या गादीवर एकानं मला थांबवलं.

“काय सर, समुद्राचं टाइमटेबल तुमच्याकडं आहे म्हणे?”

“तिथीवरून काढता येतं,” मी म्हणालो.

“मंग आमच्या शेठले बी शिकाडा. त्याची पगाराची तिथी कोनलेच काढता येत नही.”

सगळे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत भूगोलाच्या मास्तरला गल्लीत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

आषाढ वद्य तृतीयेला सकाळी पाऊस थांबेना. शाळेला सुट्टी दिल्याचा निरोप आला. खाडी काठोकाठ होती. मी छत्री घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, तेव्हा खालच्या बाजूच्या एका घरासमोरच्या ओट्यावर, ओटल्यावर, माझ्या वर्गातली एक मुलगी उभी होती. तिचे वडील लूमवर काम करतात. रातपाळी करून ते नुकतेच आले होते, डोळे लाल, केसांत कापसाचा भुगा. त्यांनी मला हाक मारली.

त्यांची अडचण खरी होती. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला होता आणि त्या दिवशी पाचवी होती. आमच्याकडं पाचवीला पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, असं मानतात. घर एकाच खोलीचं, तळमजल्यावर. रस्ता दर काही वर्षांनी डांबर टाकून उंच होत गेला आणि खोली खाली राहिली. आता दारातून आत जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात.

“सर,” ते म्हणाले, “पानी चढनार असेल तर आत्ताच पोरीला उचलून वर कुणाकडं तरी नेतो. नसेल तर पाचवी इथंच करतो. बाळंतीणला पावसात कशाला काढायची? तुम्ही सांगा, भरती कव्हय उतरी?”

माझी विद्यार्थिनी माझ्याकडं बघत होती. तिनं मनातल्या मनात हिशोब केलेलाच होता. “तृतीया आहे ना सर. सव्वादोन,” ती म्हणाली.

“बरोबर,” मी म्हणालो. “सव्वादोनपर्यंत पाणी चढेल, पण ओटल्याच्या वर फारसं येणार नाही. मग समुद्र ओसरायला लागला की खाडी मोकळी होईल. काही हलू नका.”

“काही हलू नका” हे शब्द माझे. त्यांनी फक्त भरतीची वेळ विचारली होती.

आतून मुलीच्या आईचा आवाज आला, “मास्तर सांगी राहिनात ना, मंग कसाले घाबरतस? पाटा धुई काढा.” आणि मुलगी पाटा धुवायला आत गेली.

मी घरी आलो. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या पायऱ्या गल्लीत उतरतात, त्यामुळं पाणी किती चढलं ते पायऱ्यांवरून कळतं. दुपारी जेवताना सगळ्यात खालची पायरी गेली. मला काही वाटलं नाही, भरती पूर्ण व्हायची होती. दोन वाजले, अडीच वाजले. वीज गेली. पुढची पायरी पाण्याखाली गेली. आता थांबेल, मी म्हटलं. पाऊस तर जवळजवळ थांबला होता. आकाशाचा रंग उजळला होता. गल्लीतलं पाणी मात्र चढतच होतं, आवाज न करता, एखाद्या भांड्यात नळ सोडून विसरावं तसं. त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, कुणाची चप्पल, आणि ते सगळं खाडीकडं वाहत नव्हतं. खाडीकडून आमच्याकडं येत होतं.

बायको कॅलेंडरासमोर उभी होती. दुसऱ्या दिवशी संकष्टी, तिचा उपास. चंद्रोदय किती वाजता ते ती बघत होती. आमचं कॅलेंडर मुंबईत छापलेलं. आजवर शेकडो वेळा ते माझ्या नजरेखालून गेलं असेल. तिचं बोट चंद्रोदयाच्या वेळांवरून खाली सरकत होतं. प्रत्येक गावाची वेळ वेगळी.

“मुंबईची धरून चालायची नाही,” ती स्वतःशीच म्हणाली.

 

ती युक्ती कोकणची होती. मुंबई आणि तिच्या खालच्या किनाऱ्याची. भरती ही एक लाट असते, ती सगळीकडं एका वेळी पोचत नाही. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. ती लाट त्याच्या तोंडातून आत शिरते, चिंचोळ्या जागेत उंच होते आणि वर वर चढत जाते. आमच्या किनाऱ्याला ती मुंबईनंतर कितीतरी उशिरा येते, आणि खाडीतून वस्तीपर्यंत यायला तिला आणखी वेळ लागतो. शिवाय पौर्णिमेनंतरचे हे दोन-तीन दिवस सगळ्यात मोठ्या भरतीचे. हे सगळं मला माहीत होतं. फळ्यावर मी ते नरसाळं कितीदा काढलं आहे! पण युक्ती सांगताना मला एकदाही वाटलं नाही की हे दोन धडे एकाच समुद्राचे आहेत.

म्हणजे भरती उतरायला लागलेली नव्हतीच. ती अजून यायची होती.

आता पुढचं सांगायला मला सर्वांत जड जातं. मी लगेच उठलो नाही. जिन्यात जाऊन बसलो आणि एका पायरीकडं बघत राहिलो. ती कोरडी राहिली तर मी बरोबर, असं मी मनाशी ठरवलं. खालच्या खोलीत पाच दिवसांचं बाळ होतं आणि मी पाण्यानं माझं ऐकावं म्हणून वाट बघत बसलो होतो. कुणासमोर खोटं पडायचं, याची भीती मला बुडण्याच्या भीतीएवढीच वाटली. किती वेळ बसलो ते माहीत नाही. पायरीच्या कडेला पाण्याचा एक पातळ पदर आला, मागं गेला, परत आला आणि मग राहिला.

“अहो,” बायको वरून म्हणाली, “त्यांना सांगायला नको का?”

तिला मी काहीच बोललो नव्हतो. तरी तिला कळलं होतं. मी उठलो.

गल्लीत पाणी मांड्यांपर्यंत होतं आणि गार नव्हतं, कोमट होतं. त्यानं जास्त किळस आली. मी मधोमध चालत होतो. कडेनं विजेचे खांब, लोखंडी शटर. आमच्याकडं पाण्यात बुडून मरण्यापेक्षा करंट लागून मरण्याची धास्ती मोठी. वीज गेली होती, पण ती कुठल्या तारेतून गेली आणि कुठल्या तारेत आहे हे कोण सांगणार? पायाखाली गटाराची झाकणं कुठं आहेत तेही आठवत नव्हतं. एका जागी पाय खोल गेला आणि मी ओरडलो. वरच्या गॅलरीतून एकानं विचारलं, “किधर चले मास्टरजी? भरती देखने?” त्यानं गमतीनंच विचारलं होतं. मी पुढं चालत राहिलो.

त्यांच्या ओटल्यापर्यंत पोचलो तेव्हा दार बंद होतं आणि फटीतून पाणी आत ओढलं जात होतं. मी हाका मारल्या. दार ढकलून उघडेना, आतून काहीतरी दाबून धरलं होतं. त्या क्षणी मला वाटलं, झालं. आत कुणाचा आवाज नव्हता. मी खांदा लावला. आतून कुणीतरी ओढलं आणि दार उघडलं तसं मी पाण्याबरोबर आत पडलो.

आत अंधारी खोली. खाटेच्या चारही पायांखाली विटा लावलेल्या, आणि पाणी विटांच्या वर. खाटेवर बाळंतीण पाय जवळ घेऊन बसलेली, मांडीवर दुपट्यात बाळ. तिची आई खाटेच्या कडेला उभी, एका हातात हळदी-कुंकवाची थाळी. माझी विद्यार्थिनी बादलीनं पाणी उपसत होती आणि खिडकीतून बाहेर फेकत होती, जिथून ते पुन्हा आत येत होतं. वडील दार धरून उभे.

मला बघून मुलीच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं दिसलं. “सर, सव्वादोन होऊन गेले ना,” ती म्हणाली. “आता उतरेल ना?”

“नाही,” मी म्हणालो. “माझं चुकलं. अजून चढणार आहे. ती वेळ इथली नव्हतीच. चला, लवकर चला, माझ्या घरी.”

 वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुम्हीन सांगं म्हनीसन थांबनूत.”

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी मला दुसरं काहीच म्हटलं नाही आणि कामाला लागले. कपडे धुवायचा मोठा प्लास्टिकचा टब होता. त्यात उशी ठेवली, उशीवर गोधडी, गोधडीवर बाळ, वरून छत्री. बाळ झोपलेलं होतं. जगातला एवढा मोठा गोंधळ त्याच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघितलं. दोनदा बघितलं.

“पाटा,” त्याची आजी म्हणाली.

“आई, पाटा राहू दे आता,” बाळंतीण म्हणाली.

“पाटा ऱ्हाऊ दे. वरवंटा ले. त्यानाशिवाय मी नही येऊ.” तिनं तो मांडलेला वरवंटा पाण्यातून चाचपडून काढला, तेलहळदीचा, निसरडा, आणि माझ्या हातात दिला. मी तो बगलेत धरला. दगडाचं ते लांबट ओझं मला त्या बाळाएवढंच जिवंत वाटायला लागलं.

दारात आल्यावर ती थांबली. बाहेर पाणी तिच्या कमरेपर्यंत होतं. तिनं थाळीतलं हळद-कुंकू मुठीत घेतलं आणि पाण्यावर टाकलं. पिवळं-लाल तवंगासारखं फिरलं आणि गढुळात गेलं. “माय, लेकरूले वाट दे,” ती म्हणाली. कोणत्या मायला म्हणाली? नदीला, समुद्राला, सटवाईला? मी भूगोल शिकवतो, पण त्या वेळी मीही मनात तेच म्हटलं आणि दुसरं काही म्हणायला सुचलं नाही.

वडिलांनी टब पुढं धरला. बाळंतीण त्यांच्या खांद्याला धरून. पाणी तिच्या कमरेच्या वर आलं तसं तिचे दात वाजायला लागले. मुलगी मागून तिला सावरत होती. मी सगळ्यांच्या पुढं पायानं चाचपत चाललो. खोल लागलं तर आधी मला लागावं म्हणून. ही शूरपणाची गोष्ट नाही. मला तेवढंच देता येत होतं. मध्येच एका शटरमधून आवाज आला तसे आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. करंट असेल तर कळायच्या आत संपतं, तरी माणूस थांबतो. टबातलं बाळ जागं झालं आणि रडलं. ते रडणं ऐकून त्याची आई हसली, दात वाजत असतानाच. मला रडू आलं. पाण्यात तोंड भिजलेलंच होतं, कुणाला कळलं नाही.

जिन्यावर बायको उभी होती. तिनं टब उचलून घेतला.

संध्याकाळी पाणी आमच्या जिन्याच्या अर्ध्यावर आलं. त्यांच्या खोलीत ते खाटेच्या वर, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डापर्यंत गेलं होतं, ते नंतर चिखल काढताना दिसलं. आमच्या स्वयंपाकघरात आमच्याच पाट्यावर तो वरवंटा ठेवून पाचवी मांडली. बाळंतिणीच्या अंगात ताप होता. बायकोनं तिला कोरडी साडी दिली, ओवा-सुंठीचं पाणी दिलं, शेगडी जवळ ठेवली. मी दाराशी बसलो होतो. पाट्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, सटवाईनं लिहावं म्हणून. मला सारखं वाटत होतं, तिच्या आधी मीच त्या कपाळावर काही लिहून ठेवलं नाही ना? दर थोड्या वेळानं मी बायकोला खुणेनं विचारायचो आणि ती बाळंतिणीच्या कपाळाला हात लावून खुणेनंच सांगायची. आहे अजून. आहे अजून.

बाळाचे आजोबा जिन्यात बसून पाण्याकडं बघत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. 

“भाऊ, मी...” मी सुरुवात केली.

“सर, ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “पोरगी बरी होऊ द्या आधी.”

पहाटे तिला घाम आला आणि ताप उतरला. तोवर मी जिन्यातून हललो नव्हतो.

पाणी उतरल्यावर गल्लीत चिखल, कुजलेल्या कपड्यांचे ढीग, उन्हात टाकलेल्या गाद्या. ते कुटुंब आठवडाभर आमच्याकडं राहिलं. बाळाची आजी बायकोशी गप्पा मारायची, माझ्याशीही नीट बोलायची. वडील कामावर जाताना मला रामराम करायचे. पण त्यांनी मला पुन्हा काहीही विचारलं नाही. पाऊस येईल का, एवढंही नाही. ढग बघायला ते स्वतः गच्चीवर जायचे.

शाळा सुरू झाल्यावर मी नववीच्या वर्गात गेलो. ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती. मी फळ्यावर आखाताचं नरसाळं काढलं, मुंबई दाखवली, सुरत दाखवली आणि सांगितलं की मी तुम्हाला दिलेली युक्ती इथं चालत नाही, ती पुसून टाका. कुणाच्या घरी सांगितली असेल तर जाऊन सांगा की सरांनी चुकीचं सांगितलं होतं.  मुलांनी मान खाली घालून वह्यांत खोडलं. खोडताना होणारा तो खसखस आवाज मी ऐकत उभा राहिलो.

मागच्या बाकावरच्या एका टारगट मुलानं हात वर केला. “सर, मंग पुस्तकातलं तरी बरोबर आहे ना?”

वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही.

“पुस्तक बरोबर आहे,” मी म्हणालो. “पण सांगितलेली गोष्ट कुठल्या गावाची आहे ते बघायला हवं. ते मी बघितलं नाही.”

“मग ते कसं बघायचं सर?” तिनं विचारलं. तिला खरंच हवं होतं. मी सांगायला लागलो, आपण आपल्या खाडीवर जाऊ, पुलाच्या खांबावर खूण करू, रोज पाणी कुठवर येतं ते पाहू, महिनाभर पाहू, मगच काही म्हणू. बोलता बोलता वर्गात अंधारून आलं. पश्चिमेकडून ढग चढले होते आणि खिडकीचं दार वाऱ्यानं आपटलं. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागले.

माझा वर्ग मोठा आहे. सगळ्या मुलांनी एकदम मान वर केली. खिडकीकडं कुणीच बघितलं नाही. सगळी माझ्याकडं बघत होती.